दुसऱ्या पाळीचा ठिपका

मखमलाबादच्या मळ्यात, क्रेटच्या थप्पीमागे
ती अकरा वर्षं उभी होती.
टपावर दोडक्याचा वेल, सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं,
हौद्यात मोरचुदाचे निळे डाग,
कितीही धुतले तरी न जाणारे.
पिंगळे म्हणाले, भंगारवाला बत्तीस हजार म्हणतोय.
मी म्हटलं, तेहतीस.
एवढाच काय तो व्यवहार.

क्रेनने ती अशोकनगरात उतरली
तेव्हा गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.
कुंदाने नाही.
तिने कोरफडीची कुंडी उचलली
आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर नेऊन ठेवली.

पत्रा गंजतो तेव्हा आधी रंग फुगतो.
बोट लावलं की पापुद्रा सुटतो
आणि आत चहाची भुकटी.
दाराच्या खालच्या कडेतून पाव किलो तरी झाडली असेल.
जिथे पत्रा उरलाच नव्हता
तिथे तेलाचा डबा कापून, ठोकून, झाळून लावला.
अजूनही नीट पाहिलंत तर आतून
शेंगदाण्याचं चित्र दिसतं.

तेवीस वर्षं मी सातपूरच्या कारखान्यात
ट्रान्सफर केस बसवत होतो, पहिल्या पाळीला.
चारी चाकांना ताकद वाटून देणारी ती पेटी.
नट आवळला की रंगाचा ठिपका द्यायचा:
आमचा पिवळा, दुसऱ्या पाळीचा पांढरा.

गाडीखाली पाठीवर सरकलो
तेव्हा खोटं कशाला बोलू, मी पिवळाच शोधत होतो.
टॉर्च दातांत, डोळ्यांत माती,
ग्रीसचा काळा थर रॉकेलने पुसत पुसत
पोचलो आठ नटांपर्यंत.
पांढरा.
पांढरा, पांढरा.
म्हणजे खैरनार.

खैरनार, ज्याच्याशी मी
हरवलेल्या एका सतरा नंबरच्या पान्यावरून
नऊ वर्षं बोललो नाही.
पाळी सुटताना तो डावीकडून यायचा,
मी उजवीकडून निघायचो.
कँटीनमध्ये सांगत सुटायचो, त्याचा हात ढिला आहे.

सात नट दोन दिवसांत निघाले.
आठव्याला डिझेल पाजलं, ब्लो लॅम्पने शेकलं,
पान्याला अडीच फुटी पाइप अडकवून
दोन्ही पाय चाकाला लावून ओढलं.
चौथ्या दिवशी तो कुरकुरला
आणि पाव फेरा फिरला, उपकार केल्यासारखा.
पडल्या पडल्या मी म्हणालो,
नव्हता रे ढिला.
ऐकायला फक्त ऑइलचा ट्रे होता.

ब्रेकमधली हवा एकट्याला काढता येत नाही.
एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खालून निपल सोडायचं.
कुंदा आली, गवारीचं ताट मांडीवर घेऊन
स्टिअरिंगमागे बसली.
दाब. धर. सोड.
दाब. धर.
“किती वेळ धरू?”
बुडबुडे संपेपर्यंत.
“अहो, हा पाय आहे, जॅक नाही.”
दाब.
शेवटी नळीतून नुसतं ऑइल यायला लागलं
तोवर गवारही निवडून झाली होती.
उतरताना तिने दार लावलं,
थांबली, परत उघडलं, परत लावलं.
आवाज ऐकत होती.
मी काही विचारलं नाही.

परवा पुढची चाकं उचलून लिव्हर ओढला.
उजवं फिरलं. डावं नाही.
उजवं धरून ठेवलं तरी नाही.
डावा हब दातच धरत नाही.

भद्रकालीत मुनाफशेठकडे बघितलं, नाही मिळाला.
मालेगावला मिळेल म्हणतात.
मालेगावहून नामपूर काही लांब नाही,
आणि खैरनार हल्ली नामपूरला असतो.
नंबर मिळालाय, दाराच्या प्रायमरवर खडूने लिहून ठेवलाय,
रंग मारायचा त्यामुळे थांबलाय.

हब बसवायला तसं एकच माणूस पुरतं.
मी त्याला सांगणार आहे, दोन लागतात.
त्याला कळेल.
कळू दे.