गोष्ट सांगता येईल इतकं हळू

सेमोंकाँगमध्ये पहाटे साडेचारला
बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असते.
ती मी टाचेनं फोडते.
आधी डावा बूट, मग उजवा. उलट झालं तर दिवस बिनसतो.
हे कुणाला सांगायचं नव्हतं.

फाटकाशी न्ताते मोखेथी घोड्यावर बसलेले असतात,
अंगावर घोंगडी, नाकापर्यंत ओढलेली.
बावीस वर्षं ते वेल्कोमच्या सोन्याच्या खाणीत होते.
सोनं खाणीनं ठेवून घेतलं, धूळ यांना दिली.
स्वतःच्या घराच्या तीन पायऱ्या चढताना
ते दोनदा थांबतात,
आणि दम कसा राखायचा ते मला शिकवतात.
गावात यावर विनोद आहेत. मला सगळे पाठ आहेत.

पहिले चार महिने त्यांनी मला पळूच दिलं नाही,
म्हणजे मी ज्याला पळणं म्हणायचे, ते.
‘हळू,’ मागून आवाज यायचा. ‘अजून हळू.’
गमबूट घातलेली गुराखी पोरं मला मागं टाकत,
वळून बघत, उलटं पळून दाखवत.
‘लिपुओ, गोष्ट सांग. सांगता येत नसेल
तर तू जोरात पळते आहेस.’

मग मी सांगत गेले.
आईनं रागानं तोडलेलं पीचचं झाड,
मासेरूच्या कारखान्यात जीन्सला शिवलेले
दिवसाला चारशे खिसे, सगळे डावे.
केपटाऊनला जाऊन येतो म्हणालेला थाबांग.
वाक्य तुटलं की घोडा थांबायचा,
आणि मला चालत मागं जाऊन
ते वाक्य तिथूनच पुन्हा सुरू करावं लागायचं.
थाबांग त्या वळणावर सहा वेळा गेला.

एका दिवशी बाविसाव्या किलोमीटरला
माझ्याकडच्या गोष्टी संपल्या.
ते म्हणाले, ‘आता सुरू झालं.’

गुडघा बोलला तर ऐकायचं.
मांडी बोलली तर म्हणायचं, उद्या ये.
आणि मन बोलायला लागलं, की बाई, कशाला हे,
घरी पीठ संपलंय, वय एकतीस,
तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. मोजायचं.
‘खाली दिवा विझला की मी भिंत धरून
पावलं मोजायचो. चाळीसपर्यंत.
पुढचे आकडे येत होते मला, हसू नकोस.
पण चाळीसनंतर पुन्हा एक.
चाळीस पावलं माणूस कुठंही जाऊ शकतो.’

बेचाळीस किलोमीटरमध्ये किती चाळिशी बसतात
हा हिशेब त्यांनी मला करू दिला नाही.

ऑगस्टमधला रविवार. पस्तीस पूर्ण.
ओढ्याकाठी सकाळची लापशी ओकून
मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते.
ते उतरले. एक पाय, मग बऱ्याच वेळानं दुसरा.
टोपी काढली
आणि माझ्या पाठीला कान लावला.

दाढीचे खुंट ओल्या बनियनमधून टोचत होते.
घोडासुद्धा हलला नाही.
त्यांना आत काय ऐकू आलं, मी विचारलं नाही.
मला मात्र त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती,
चुलीवर केटली विसरून
सगळे शेतावर गेलेल्या घरासारखी.
मी मोठा श्वास घेतला, मुद्दाम,
नीट ऐकू जावा म्हणून. मग आणखी एक.

‘उद्या सुट्टी,’ म्हणाले, आणि टोपी घातली.

परतीला लगाम माझ्या हातात होता. चढ होता.
मी सवयीनं मोजायला लागले, सतरा, अठरा,
तर वरून म्हणाले, ‘आज मी सांगतो.’
आणि सांगू लागले,
तीन शब्द, श्वास,
दोन शब्द, श्वास.

मी घोड्याला आणखी हळू केलं.