कर्ता नसलेलं वाक्य

ग्रिम्स्बीच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
आम्ही एकाच पुस्तकाच्या पाच प्रती घेऊन बसतो.
हीटर खाकरतो. बिस्किटं ग्लेनिसची.
या वेळचं पुस्तक एका एकोणीस वर्षांच्या पोराचं,
जो लाँड्रीच्या दुकानावरच्या खोलीत राहतो
आणि तीनशे चार पानं
जवळजवळ काहीच करत नाही.

ग्लेनिसनं तेहतीस वर्षं भूगोल शिकवला.
म्हणाली, याला सकाळी कुणीतरी उठवायला हवं होतं.
अशी एकदोन पोरं दर वर्गात असायची,
खिडकीजवळची.
मी त्यांना फळा पुसायला लावायचे.

टॅमझिनच्या प्रतीत खुणांना बसची तिकिटं.
तिनं पुस्तक छातीशी धरलं,
कुणी हिसकावून घेणार असल्यासारखं.
'काही घडत नाही म्हणू नका.
एकशे बाराव्या पानावर तो फोन उचलतो
आणि परत ठेवतो.
ते घडणं नाही?'

झ्बिग्नियेव मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करतो.
त्यानं हिशेबच मांडून आणलेला:
सातव्या प्रकरणात नोकरी सुटते,
अकराव्यात नवे बूट येतात.
पोरगा भाडं कशातून भरतो?
आम्ही हसलो. नाइलाजानं टॅमझिनसुद्धा.

क्लिफर्ड ब्लँचर्ड चौऱ्याहत्तरचा,
ट्रॉलरवर पार आइसलँडपर्यंत गेलेला.
'माझ्या बोटीवर असता ना,
दोन दिवसांत उतरली असती सगळी उदासी.'
असं म्हणून त्यानं बिस्किट चहात बुडवलं
आणि बुडवूनच ठेवलं.
मग म्हणाला, होता तसा एक.
लेन. माझ्याहून वर्षानं लहान.
जाळं ओढायला सगळ्यांच्या पुढे,
पण काम संपलं की पाण्याकडे बघत राहायचा.
पाण्याकडे आम्हीही बघायचो,
मासळीसाठी, हवेसाठी.
तो नुसता.
चिडवायचो त्याला. मीच जास्त.
एका मार्चात तो धक्क्यावर आलाच नाही.
मेला वगैरे नाही हं,
कुणी म्हणालं लीड्सला गेला.
मी कधी विचारलं नाही.

बिस्किट तुटून तळाला गेलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी ते वॉर्डात वाचलेलं, औषधांच्या दोन फेऱ्यांमध्ये,
आणि लायब्ररीच्या प्रतीवर चक्क पेन्सिल चालवलेली,
जी आज दुपारी बसून खोडली.
मत होतं. इंग्रजीत सापडेना.
म्हटलं, याला दुःख झालेलं नाहीये,
याला करमत नाहीये.
म्हणजे?
म्हणजे, असं म्हणून मी
तिसरीच्या वर्गात उभी केल्यासारखी
व्याकरण सांगू लागले:
क्रियापद आहे, पण बहुतेक नकारातच भेटतं.
छान करमतंय, असं आपणहून
सांगत येत नाही कुणी.
आणि त्यात 'मी' कर्ता नसतो.
मी करमत नाही, असं होतच नाही.
मला करमत नाही.
अख्ख्या वाक्यात दोष द्यायला कुणी सापडत नाही.

झ्बिग्नियेव म्हणाला, आमच्याकडेही आहे असं एक.
ग्लेनिसनं शब्द वहीत उतरवला,
चुकीचा,
आणि खाली रेघ मारली.

खाली उतरल्यावर क्लिफर्ड
थांब्यापर्यंत माझ्यासोबत आला.
गोदीकडून वारा, त्यात बर्फाचा आणि डिझेलचा वास.
'मग तुमच्याकडे असं झालं
की माणूस करतो काय?'
विशेष काही नाही, मी म्हटलं.
उठून कुणाच्या तरी दारी जातो.
ते म्हणतात, ये, बस.
का आलास विचारत नाहीत.

तो बराच वेळ बसचं वेळापत्रक वाचत राहिला,
जे त्याला पाठ असणार.
'लीड्स,' तो म्हणाला,
'तसं काही फार लांब नाही.'
माझी नऊ नंबर आली.
काचेतून पाहिलं तर
तो अजून बोट ठेवून
ओळी वाचत होता.