संक्रमण तारीख : एक एप्रिल

हिंगणा एमआयडीसीत आमचा कारखाना,
धान भरडायची यंत्रं बनतात.
हिशेब मी बनवतो, असं धाकटे शेठ म्हणतात.
‘मांडतो’ म्हणा,
हे मी एकोणतीस वर्षं सांगत आलोय.

यंदा कूलरची नवी वाळ्याची ताटी
आणि नवी लेखा-मानकं
एकाच आठवड्यात आली.
सोबत पोफळी मॅडम. वय सत्तावीस, चष्मा कपाळावर.
म्हणाल्या, काका, वस्तू कितीला घेतली ते जाऊ द्या,
आज कितीला जाईल ते बोला.

कामठी रोडची जमीन
ब्याऐंशी साली घेतली होती.
वहीत ती त्याच भावात बसून होती,
लग्नाच्या फोटोत माणूस बसतो तशी,
कोट घालून, न हलता.
मूल्यांकनवाला स्कूटरवर आला, टेप धरून फिरला,
आणि संध्याकाळपर्यंत आम्ही
पावणेपाच कोटींनी श्रीमंत.
चहा मात्र कटिंगच आला.

मग कळमन्याचं गोडाऊन.
करार तोंडी. दसऱ्याला सोनं द्यायचं, भाडं वाढवायचं.
आता म्हणे, राहण्याचा हक्क हीच मालमत्ता,
पुढची सगळी भाडी आजच देणं.
किती वर्षं राहणार, ते लिहा.
हेडाऊंना फोन लावला.
‘राहा नं बाप्पा, काहून विचारून राहिले?
मी काढून राहिलो का तुम्हाले?’
‘राहा नं’ हा आकडा नाही.
मॅडमनी पाच वर्षं धरली.

गिऱ्हेपुंजे, लाखनीचे, राईस मिल.
येणं अकरा लाख चाळीस.
माणूस वेळेवर कधीच देत नाही,
आणि बुडवत कधीच नाही.
जुन्या खतावणीत त्यांच्या नावापुढे
माझ्याच हातची पेन्सिल : माणूस खरा आहे.
पण नवं मानक सांगतं,
बुडेपर्यंत थांबू नका,
शंका आजच घ्या, आणि टक्क्यांत घ्या.
मी साडेआठ टक्के घेतली.
घेताना खिडकीकडे पाहिलं,
जणू ते फाटकातून आत येतायत.

ग्रॅच्युइटीचा तक्ता पुण्याहून आला.
नावं नव्हती, क्रमांक होते.
सतरा नंबर : वय छप्पन्न,
सोडून जाण्याची शक्यता दोन टक्के,
मरण्याची, कोष्टकाप्रमाणे.
निवृत्तीला मिळायचे ते पैसे
सव्वासात टक्क्यांनी मागे मागे आणत
आजच्या तारखेला उभे केलेले.
बेरीज तपासली. बरोबर होती.
डबा उघडला. कोहळ्याची भाजी होती, तीही बरोबर होती.
दोन टक्के!
कुठे जाणार होतो मी, कोणी विचारलं नाही.

जुना ताळेबंद आणि नवा
यांच्यामध्ये जुळणीचा एक तक्ता असतो.
नव्या हिशेबात न बसणारं सगळं
तिथून राखीव कमाईत सोडून द्यायचं.
मारबतीच्या दिवशी इतवारीत ओरडतात तसं
मनात म्हटलं, घेऊन जा गे.
नेलं तिने. पण जमीनही त्याच ओळीतून आली होती,
म्हणजे देऊनही गेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हेपुंजे आले.
चेक, आणि पिशवीत नव्या तांदळाचे पोहे नाहीत म्हणून
जुन्याच तांदळाचे.
‘उशीर झाला जी.’
मी म्हटलं, आम्ही धरलाच होता.
ते हसले. त्यांना वाटलं, गंमत.

तरतूद उलटवली. नोंद तीन ओळींची.
मग मॅडमना विचारलं,
तो पेन्सिलीचा शेरा तुमच्यात कुठे बसेल?
रकाना नाही, म्हणाल्या. थोडा वेळ गेला.
मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला,
त्यांच्या नावाच्या चौकटीवर काहीतरी टाइप केलं,
आणि कोपऱ्यात
लाल त्रिकोण उमटला,
तांदळाच्या कणीएवढा.
बाण नेला तरच उघडतो.