मधाची लाँड्री

अदलियातल्या त्या पांढऱ्या गॅलरीत
मी शिरलो मागच्या दाराने, नेहमीसारखा,
खांद्यावर फ्रेम, तोंडात चार खिळे.
उद्घाटन सातला. पावणेसहा झालेले.
हेस्सा म्हणाली, यशवंत, अजून एक पत्रा टांगायचाय,
जपून, कडा धारदार आहेत.

गुंडाळलेली चादर सोडली,
हातांनी आधी ओळखलं,
डोळ्यांनी नंतर.

निळा. एकोणनव्वदचा निळा,
ज्यात मी रॉकेल जास्त घालायचो, डबा पुरावा म्हणून.
वर पिवळी अक्षरं,
मधल्या अक्षराची आडवी रेघ जरा जास्तच ओढलेली
कारण तिथे पत्र्याला पोचा होता.

तेव्हा मला अरबी येत नव्हतं.
आजही वाचायला बसलो तर घाम फुटतो.
गडहिंग्लजला साबणाच्या, बियाण्यांच्या,
निवडणुकीच्या भिंती रंगवून आलेला माणूस मी.
इथे कुणी कागदावर काढून द्यायचं,
मी ते वेलबुट्टीसारखं उतरवायचो
डावीकडून,
म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे.
अबू खलील स्टुलावर बसून बघायचा,
म्हणायचा, हा माणूस उलटा पोहतोय.

आणि एक टिंब राहिलं.
धुलाईच्या शब्दातलं, डोक्यावरचं, एकच.
ते नसलं की म्हणे शब्द मधाकडे वळतो.
दुसऱ्या दिवशी अख्खी गुदैबिया
मळके शर्ट घेऊन मध मागायला हजर.
अबू खलीलने मजुरीतून दोन दिनार कापले.
मी म्हटलं, शिडी आणतो, देतो टिंब.
तो म्हणाला, राहू दे,
आता लोकांना दुकान सापडतं.

आमच्याकडेही, मी त्याला सांगणार होतो,
एका टिंबाने भाड्याचं भांडं होतं.
पण हे अरबीत कसं सांगायचं.

मग फ्लेक्स आला. ब्रश वाळले.
आता सलमाबादच्या गॅरेजात माझा अर्धा हिस्सा,
उरलेल्या अर्ध्यात रोदेल लाकडी ठसे कोरतो.
शेजारी गाड्यांना रंग मारतात,
त्यांची चंदेरी धूळ येऊन बसते
माझ्या ओल्या आभाळावर. बसो.
मी दुसऱ्यांचे कॅनव्हास ताणतो,
या शहरातली चित्रं मी पाठीकडून ओळखतो.
माझी स्वतःची एकोणीस आहेत,
भिंतीकडे तोंड करून उभी,
शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

सात वाजले. वेलचीची कॉफी फिरली, खजूर फिरले.
लिननचा सदरा घातलेला एक तरुण
माझ्या पत्र्यासमोर उभा राहून सांगत होता:
हे टिंब मुद्दाम गाळलंय,
स्वच्छता आणि गोडवा यांच्यामधली ही एक जागा आहे.
बायका मान हलवत होत्या.
खरं तर त्या दिवशी मला ताप होता.
कार्डावर लिहिलेलं: चित्रकार अज्ञात. पत्र्यावर एनॅमल.
माझ्या मागच्या खिशात लेव्हल,
तिच्यातला बुडबुडा हालत असणार.

सांगणार नव्हतो.
पण हेस्सा पाणी द्यायला आली
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हे मी केलंय.
ती हसली नाही.
माझ्या बोटांकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं,
पर्समधून पेन काढून नॅपकिनवर माझं नाव लिहू लागली.
मग वर बघून म्हणाली,
तुझ्या नावाला आठ टिंबं लागतात.

आठ.
मला एक सांभाळता आलं नव्हतं.

कार्ड उद्या बदलते, म्हणाली.
उद्या शुक्रवार, छापखाना बंद.
मी शिडी गाडीत टाकली, नॅपकिन खिशात.
वाटेत सगळ्या पाट्या आतून पेटलेल्या,
कुठेच कुणाचा हात थरथरलेला नाही.
सलमाबादच्या वळणावर सिग्नलला थांबलो
तेव्हा आठवले ते दोन दिनार.