आतून बोट फिरवताना

तेवीसचे टायर मी दोन वर्षं चालवले,
एकशे दहाची हवा, डफासारखे टणक,
आणि तिसऱ्या रेल्वे गेटपासून पिरनवाडी नाक्यापर्यंत
दर रविवारी कुठेतरी सायकल उलटी करून
येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं,
होय, पंक्चर. नको, मदत नको.

बसलिंग म्हणाला, अक्का,
रस्ता काय बदलत नाही, रबर बदला.
त्याच्या भिंतीवर तीन टायर टांगलेले.
एक कांद्याच्या सालीएवढा पातळ, रेसवाल्यांचा, आपला नव्हे.
एक जाड, आत रबराची अख्खी गादी,
त्यात काटा थकून जाईल,
पण जांबोटीच्या चढावर तुम्ही आधी थकाल.
तिसरा अठ्ठावीसचा. मध्ये विणलेला पट्टा,
बाजू मात्र उघड्या.
बाजूनं आलं तर कुणाचंच चालत नाही, म्हणाला,
आणि मी दिलेल्या पैशांतूनच
दोन चहा सांगितले.

तो शिकवतो कानडीत, मी विसरते मराठीत.
गाळी म्हणजे हवा, मुळ्ळु म्हणजे काटा.
मागच्या चाकात नव्वद, पुढच्यात ऐंशी,
रस्ता ओला असेल तर दोन्हीत पाच कमी.
टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून बसवायचं,
म्हणजे ट्यूबचं भोक सापडलं की
टायरात गुन्हेगार कुठे बसलाय ते कळतं.
ट्यूबला पावडर, बाळाला लावतात तीच.
आणि घरी आल्यावर, पाय धुवायच्याही आधी,
चाक हळूहळू फिरवत
सुईनं काच, खडी, बाभळीचं टोक
उकरून काढायचं.
आज रुतलेलं परवा आत पोचतं.

टायर दुकानात एकदा निवडला म्हणजे झालं नाही.
तो नंतर तांदळासारखा
निवडत बसावा लागतो.
सासूबाई ओसरीवरून बघतात.
भातात खडा आला तरी चालेल आता,
एवढंच म्हणतात.

बाचीजवळ रस्त्याचा रंग बदलतो,
गुळगुळीत काळ्याला अचानक खरबरीत राखाडी लागतं,
मग पाट्यांची अक्षरं बदलतात.
चाकाला पहिलं तेवढं कळतं.

गेल्या रविवारी किणयेच्या पुढे
अकरा महिने न कुरकुरलेला मागचा टायर
फुस्स न करता, नुसता सुस्कारा टाकून बसला.
उसाच्या बांधावर चाक काढलं.
आतून फडकं फिरवावं म्हणतात, बोट कापतं.
पण दिवसभर मायक्रोमीटर धरणारी मी,
माझा बोटावरच भरवसा.
व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर
टोचलं.

चिप निघाली. गव्हाच्या दाण्याएवढी,
पीळ पडलेली, कडेला निळी-जांभळी.
उद्यमबागेत सतरा वर्षं काढल्यावर
हा निळा वासासकट ओळखता येतो.
कूलंट बंद, फीड जास्त,
माल संध्याकाळच्या गाडीला घालायचा.
लेथ नंबर चार.
बुधवारी त्या लॉटवर मीच सही केली होती,
शेऱ्यात लिहिलं होतं, चालेल.

ही काही किणयेत भेटलेली नाही.
शेडच्या दारातून माझ्याबरोबरच आली असणार,
बुधवार, गुरुवार, शुक्रवार,
घरून कामावर, कामावरून घरी,
रोज केसभर आत.
रविवारचं चाक मी रविवारीच निवडते.

शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला.
काय करूलालीस बाई?
म्हटलं, हवा भरते.
पंपाचे दीडशे दट्टे होईपर्यंत तो उभा होता,
शेळ्यांनी ट्यूबचं रिकामं खोकं खाल्लं.

काडेपेटीत घालून चिप बसलिंगला दाखवली.
त्यानं ती उजेडात धरली,
टायरचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला.
चांगलाय की, म्हणाला, चार दिवस दम धरला.
नवीन पुढे घाला, पुढचा मागे घ्या.
चिपबद्दल काही बोलला नाही.

सोमवारी भरमाला म्हटलं, कूलंट सोड.
तो म्हणाला, मॅडम, गाडी पाचला येतीय.
मी म्हटलं, माहीत आहे.
आधी तो झाडू दे इकडे.