फुसकं काडतूस

मुरारच्या रेंजवर भदौरिया सरांनी दोन पिस्तुलं पुढ्यात ठेवली.
"देखो मत, पकडो."
नवं हातात बसलं, पाहुण्यासारखं.
जुनं इंगळेकाकांचं. अक्रोडाची मूठ
त्यांच्या अंगठ्याने झिजलेली,
माझ्या तळव्याला एकाच जागी टोचायची.
तेच घेतलं.
दौलतगंजच्या सुताराने तेवढ्यावर कानस फिरवली,
विचारलं, "कशाचा दांडा, ताई?"

मग जानेवारी. धुक्यात पंचवीस मीटरवरचा काळा गोल
ताकात पडलेल्या मोहरीएवढा,
आणि दर सहाव्या-सातव्या गोळीला
नुसतं टिच्च.
नळी समोरच. तीस आकडे. मगच बोल्ट मागे.
पितळेच्या कडेवर ठसा असायचा,
पण उथळ, नखाने दाबल्यासारखा.

पिन बदलली. स्प्रिंग बदलली.
चेंबरमधलं थिजलेलं मेण ब्रशने खरवडलं.
काकांना फोन केला, ते म्हणाले, "माझ्याकडे कधी अडलं नाही हो,"
जरा दुखावूनच.
शेवटी वेगळ्या लॉटचा डबा उघडला,
टिच्च थांबलं.

सर मात्र हसले नाहीत.
"टिच्च झालं तेव्हा नळीकडे पाहिलंस?"
पाहिलं होतं.
बार उडतो तेव्हा धक्क्यात सगळं झाकलं जातं;
उडाला नाही तेव्हा दिसलं,
आवाजाच्या आधीच मनगट खाली गेलेलं.

आता मॅगझिन सरच भरतात.
मध्ये कुठेतरी एक खोटं काडतूस,
कितवं ते सांगत नाहीत.

आज चौथं होतं.
नळी हलली.
मोहरीएवढीच.