सोयीचा झेंडा

बंदरावरच्या मनोऱ्यात माझं काम विचारायचं:
जहाजाचं नाव? झेंडा? कुठून निघालात? माणसं किती?
वाल्पाराइसोच्या धुक्यातून उत्तरं येतात, घोगरी, खारट.
कितीतरी जहाजांवर पनामाचा झेंडा,
आणि पनामा त्यांनी धड पाहिलेलाही नसतो.
कर वाचतो, चौकशी टळते.
सोयीचा झेंडा म्हणतात त्याला.
बावीस वर्षं मी त्याला हसत आले.

पाळी संपली की एदेल्मिरा म्हणून टेकडी चढते
आणि हेडफोन चढवला की होते म्हातारा पेलिकन,
पाच जणांच्या टोळीतला वैद्य.
मी कुणाला मारत नाही. पडलेल्यांना उठवते.
माइक कधी लावला नाही.
टाइप करते, तुटक, नवऱ्यांसारखं.

एका मंगळवारी, जिंकलेल्या सामन्यानंतर,
पलीकडच्या टोळीतल्या कुणीतरी खासगीत लिहिलं:
"दमलीस ना? एकशे चौदा पायऱ्या म्हणजे काय खेळ आहे?"

पायऱ्या बरोबर होत्या.
पण मी गार पडले ती त्या 'दमलीस'नं.
शेवटचा एवढासा स्वर,
आणि पेलिकन अंगावरून उतरला, ओल्या कोटासारखा.

रात्रभर बसून स्वतःचंच बोलणं चाळलं.
मार्चमध्ये: टेकडीची लिफ्ट बंद आहे, उशीर होईल.
जूनमध्ये: भोंग्यामुळे काही ऐकू येत नाही.
कधीतरी: पिवळ्या पत्र्याच्या घरात उकडतं फार.
एकदा तर पायऱ्यांचा आकडाच, कौतुकानं.
आणि वर तो आयपी नंबर,
बोट धरून शहरापर्यंत आणून सोडणारा.
बाकीचं घर मीच बांधून दिलं होतं त्याला,
वीट वीट करून.

येर्को, माझा भाचा, मोबाइल दुरुस्त करतो.
म्हणाला, मावशी, व्हीपीएन घे. बोगदा समज.
शिरायचं इथून, निघायचं भलत्याच देशात.
यादी उघडली तर झेंडेच झेंडे.
मी आइसलँड घेतलं.
तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही.

आता माझं औषध लांबून येतं.
पूर्वी अडतीस मिलिसेकंद, आता दोनशे नव्वद.
तेवढ्यात अरिकाचा ओलेगारियो मरतो
आणि माझी मलमपट्टी पोचते ती प्रेतावर.
"पेलिकन, झोपलास का रे?" तो लिहितो.
झोपलास. रे.
जीव भांड्यात पडतो. त्याचा गेलेला असतो.

सहा आठवड्यांनी खेळाचं दार बंद.
या पत्त्यावरून शिवीगाळ. या पत्त्यावरून धमक्या.
आइसलँडच्या त्या एका दारातून
माझ्यासारखे शेकडो जण ये-जा करत असणार,
सगळ्यांच्या अंगात एकच सदरा,
त्यावर कुणीतरी घाण केली.
तोच असेल का? पायऱ्या मोजणारा?
एकाच गोधडीत आम्ही दोघं, पाठीला पाठ लावून?
उठले आणि खिडकी लावून घेतली.
उकडलं तरी.

दाद मागितली. उत्तर आलं, अगदी अदबीनं:
तुम्ही तो नाही, हे सिद्ध करा.
पूर्ण नाव. राहता पत्ता.
ओळखपत्राचा फोटो, दोन्ही बाजूंनी.
चेहरा, उजेडात.

फॉर्म उघडाच आहे.
नावाच्या रकान्यात एक रेघ लुकलुकते.

आज पहाटे चार दहाला रडारवर एक ठिपका,
ओळखयंत्र बंद.
नियम असा की तीनदा विचारायचं, मग गस्तीला कळवायचं.
विचारलं. नाव? झेंडा?
पलीकडे कुणीतरी बटण दाबून धरलं होतं,
बोलत नव्हतं.
श्वास तेवढा ऐकू येत होता, बाईचा की बाप्याचा कळेना.
दुसऱ्यांदा विचारायला
मी जरा वेळ लावला.